क्रिमियन युद्धांतील वार्तापत्रें आणि तारायंत्र : एक साधनचिकित्सा

क्रिमियन युद्धाचा विषय या त्रैमासिकाच्या कक्षेबाहेरचा आहे अशी शंका कांहीं वाचकांस येईल. परंतु इ. स. १८५७ च्या उत्थानाविषयीं लिहूं लागलेला मराठी लेखक अजीमुल्लाखानास क्रिमियांत नेल्याशिवाय सहसा राहत नाहीं, आणि अजीमुल्ला तेथें गेल्याचा जो मुख्य पुरावा तो लंडनच्या टाईम्स पत्राचा बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल याच्या लेखणींतून उतरलेला आहे. साक्षीदाराची पारख न करतां साक्ष पदरांत घेणें हा संशोधकाचा शिरस्ता नव्हे. तेव्हां हा रसेल कोण, त्यानें सैनिकांविषयीं काय लिहिलें, तें कितपत खरें, आणि त्या लिहिण्याचा सैनिकांवर काय परिणाम झाला, हें एकदां नीट पाहणें अवश्य आहे.

रसेलविषयीं दोन मतें रूढ आहेत आणि दोन्ही माहात्म्यकथांसारखीं वाढत गेलीं आहेत. पहिलें मत असें कीं, त्याच्या पत्रांनीं इंग्लंडचें प्रधानमंडळ पाडलें, नाइटिंगेलबाईंना रुग्णालयाकडे धाडलें आणि मरणाच्या दारीं गेलेली फौज वांचविली. दुसरें मत सेनापति लॉर्ड रॅग्लन याच्या पक्षाचें : या पत्रांनीं शत्रूस घरबसल्या बातमी पुरविली, सैन्यांतील शिस्तीस सुरुंग लाविला आणि एका सज्जन वृद्ध सेनापतीस छळून छळून मारलें. किंग्लेक यानें आठ खंडांचा जो प्रचंड इतिहास १८६३ ते १८८७ या काळांत प्रसिद्ध केला, त्याचा सारा रोख या दुसऱ्या मताकडे आहे. दोन्ही पक्षांत एक गृहीत मात्र समान आहे. तें हें कीं, सैनिकाचें जें बरेंवाईट झालें तें वर्तमानपत्रानें केलें. आमच्या मतें हें गृहीतच लंगडें आहे.

प्रथम कर्तृत्वाचा प्रश्न. स्कुटारी येथील रुग्णालयांत जखमींना बांधावयास पट्ट्या नाहींत, शस्त्रवैद्य पुरेसे नाहींत, हा मजकूर ऑक्टोबर १८५४ मध्यें टाईम्समध्यें आला व त्यानें इंग्लंड हादरलें, हें खरें. परंतु तो मजकूर रसेलचा नव्हे. तो कॉन्स्टँटिनोपल येथील दुसरा बातमीदार टॉमस चेनेरी याचा. रसेल त्या वेळीं फौजेबरोबर क्रिमियांत होता, स्कुटारी समुद्रापलीकडे. त्या पत्रांनंतर थोड्याच दिवसांत नाइटिंगेलबाई निघाल्या व ४ नोव्हेंबर रोजीं तेथें पोंचल्या. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठीं रसेलचें नांव सर्वांत अधिक घेतलें जातें, ती त्याची नव्हेच. (हा चेनेरी पुढें ऑक्सफर्ड येथें अरबीचा अध्यापक झाला, व त्यानें हरीरीच्या मकामांचें भाषांतर केलें. जखमींच्या पट्ट्या मोजणारा मनुष्य अरबी यमकांच्या जंजाळांत रमावा, हें आमच्यासारख्या शब्दपंडितांस गंमतीचें वाटतें.) एकाच वर्तमानपत्रांतील दोन हातांची अशी गल्लत होणें नवें नाहीं, आपल्या बखरींतहि एका कारकुनाचें वाक्य दुसऱ्याच्या नांवावर चढलेलें आपण पाहतों.

दुसरा भेद याहून महत्त्वाचा आहे. रसेलचीं पत्रें एक आणि टाईम्सचे अग्रलेख दुसरे. रसेल छावणींतील चिखल, उपासमार, मेलेलीं घोडीं यांचें वर्णन करी. रॅग्लन व त्याचे साहाय्यक नालायक आहेत असा उघड हल्ला, विशेषतः २३ डिसेंबर १८५४ च्या सुमारास, लंडनमध्यें बसून संपादक डिलेन याच्या मंडळीनें केला. वर्णन करणारा रणांगणावर होता. निवाडा देणारे नव्हते. पार्लमेंटांत रोबकचा चौकशीचा ठराव २९ जानेवारी १८५५ रोजीं ३०५ विरुद्ध १४८ मतांनीं मंजूर झाला व अ‍ॅबर्डीनचें प्रधानमंडळ गेलें. त्या मतदानाच्या मागें रसेलबरोबरच अग्रलेख, अधिकाऱ्यांचीं घरीं आलेलीं व वर्तमानपत्रांत छापलेलीं खाजगी पत्रें, आणि प्रधानमंडळांतील आपसांतला बेबनाव हीं सर्व होतीं.

आतां रसेलचें वर्णन खरें होतें काय ? येथें सुदैवानें स्वतंत्र साधन उपलब्ध आहे. पामर्स्टनच्या सरकारनें १८५५ मध्यें सर जॉन मॅक्नील व कर्नल टलॉक या दोघांस प्रत्यक्ष क्रिमियांत धाडून रसदखात्याची चौकशी करविली. त्यांनीं जबान्या घेतल्या, गुदामांच्या वह्या तपासल्या. त्यांचा निष्कर्ष असा कीं, ऑक्टोबर ते एप्रिल या सात महिन्यांत त्या फौजेपैकीं शेकडा सुमारें ३५ माणसें मेलीं, आणि तीं गोळ्यांनीं नव्हे तर रोगांनीं. कारणेंहि त्यांनीं बारकाईनें दाखविलीं. सैनिकांस कॉफी मिळे ती हिरवी, न भाजलेली. भाजावयास जळण नाहीं, दळावयास जातें नाहीं. लिंबाचा रस डिसेंबरमध्यें हजारों रत्तल बंदरांत येऊन पडला, आणि रक्तपितीनें माणसें मरत असतां फेब्रुवारीपर्यंत तो वाटला गेला नाहीं, कारण तो वाटण्याचा हुकूम कोणीं द्यावयाचा हें ठरलेलें नव्हतें. पुढें सरदारांच्या एका मंडळानें चेल्सी येथें बसून दोषी ठरलेल्या अधिकाऱ्यांस निर्दोष सोडलें. पण वस्तुस्थितीचें खंडन त्यांच्या हातून झालें नाहीं. रसेलचीं पत्रें या अहवालाशेजारीं ठेवून वाचलीं तर असें दिसतें कीं, त्यानें अतिशयोक्ति फारशी केली नाहीं. उलट, कारणांच्या बाबतींत त्याची दृष्टि तोकडी पडली.

हें तोकडेपण समजून घेतलें पाहिजे, कारण राजकीय निर्बंधाचा खरा अर्थ तेथें आहे. बालाक्लाव्हा बंदरापासून वेढ्याच्या छावणीपर्यंतचें अंतर सहा-सात मैलांचें. बंदरांत अन्न आहे, वर डोंगरावर माणूस उपाशी आहे. मध्यें काय नव्हतें ? घोडीं नव्हतीं. घोडीं कां नव्हतीं ? कारण त्यांना वैरण नव्हती. वैरण कां नव्हती ? रसदखात्याच्या मुख्यानें, फिल्डरनें, ती सप्टेंबरांतच लंडनहून मागविली होती, परंतु आली ती नाममात्र. कारण रसदखातें हें सेनापतीच्या हाताखालीं नव्हतें. तें लंडनच्या खजिन्याच्या हाताखालीं होतें, आणि खजिन्याचा कारभार पाहत होता सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन, मेकॉलेचा मेहुणा, जो पुढें मद्रासचा गव्हर्नर होऊन आला. खजिन्याचें ब्रीद काटकसर. चाळीस वर्षांच्या शांततेंत पार्लमेंटानें लष्करी वाहतुकीची स्वतंत्र पलटण काढून टाकली होती. सैनिक पांच निरनिराळ्या खात्यांचा आश्रित होता. त्याचा सेनापति त्यांपैकीं एकाचाच धनी होता. डिसेंबर १८५४ मध्यें रसदखातें युद्धखात्याकडे आलें खरें, पण तोंवर १४ नोव्हेंबरच्या वादळानें हिवाळी कपड्यांचें जहाज तळाशीं गेलें होतें व घोडीं मरत होतीं. ही सारी साखळी रसेलच्या पत्रांत नाहीं. त्याला चिखलांत रुतलेला गाडा दिसला. तो गाडा जेथें अडला होता तें व्हाइटहॉलमधील टेबल त्याला तेथून दिसणें शक्य नव्हतें.

रॅग्लनची तक्रार मात्र सर्वस्वी पोकळ म्हणतां येणार नाहीं. नोव्हेंबर १८५४ मध्यें त्यानें युद्धमंत्री न्यूकॅसल यास कळविलें कीं, टाईम्सच्या २३ ऑक्टोबरच्या अंकांत तोफांची संख्या, पलटणींच्या जागा, दारूच्या सांठ्याचें स्थान इतकें सारें छापून आलें आहे. ही तक्रार न्याय्य आहे. दारूचा सांठा कोठें आहे हें लंडनच्या वाण्यास कळून त्याचें कांहीं कल्याण होत नव्हतें. पण येथें कालगणना करून पाहिली पाहिजे. २५ ऑक्टोबरच्या बालाक्लाव्हाच्या लढाईचें रसेलचें वर्णन छापून आलें तें १४ नोव्हेंबर रोजीं. म्हणजे पत्र लंडनास पोंचून छापलें जाण्यास वीस दिवस. तेथून तारेनें रशियाच्या राजधानीस व पुढें घोडेस्वारानें क्रिमियांत जाण्यास आणखी कांहीं दिवस. धांवत्या लढाईंत अशी बातमी शिळी ठरते. परंतु वेढ्यांत मोर्चे महिना महिना हालत नाहींत. तेथें महिन्याची जुनी बातमीहि ताजीच असते. म्हणून रॅग्लनचें म्हणणें वेढ्याच्या स्थावर गोष्टींपुरतें खरें, आणि छावणीच्या हालअपेष्टांच्या बाबतींत गैरलागू. सैनिक उपाशी आहेत हें कळण्यास समोरच्या रशियनास टाईम्सची गरज नव्हती. त्याला दुर्बीण पुरेशी होती.

येथें एक गोष्ट चमत्कारिक वाटते. सेनापतीनें बातमीदारास छावणीबाहेर काढलें नाहीं, त्याचीं पत्रें वाचून तपासण्याची व्यवस्था केली नाहीं, आणि त्याच्याशीं बोलणेंहि टाळलें. फक्त लंडनास तक्रार लिहिली. मंत्र्यानें संपादकांस संयमाची विनंती केली. असे अर्धवट उपाय सर्वांत वाईट. बातमीदारास काय लिहूं नये हें कोणीं सांगितलें नाहीं, आणि काय चाललें आहे हेंहि कोणीं सांगितलें नाहीं. मग तो दिसेल तें लिहिणार. शत्रूस उपयुक्त मजकूर छापणाऱ्यास हांकलून देण्याचा स्पष्ट हुकूम जनरल कॉड्रिंग्टन यानें काढला तो फेब्रुवारी १८५६ मध्यें, लढाई जवळजवळ संपल्यावर.

वर्तमानपत्रानें सैनिकाचें नुकसान केलें कीं नाहीं याहून, त्यानें सैनिकाची प्रतिमा कशी घडविली, हा प्रश्न इतिहासकारास अधिक जवळचा आहे. बालाक्लाव्हा येथील हलक्या घोडदळाच्या हल्ल्याचें उदाहरण घ्या. रसेलच्या पहिल्या वृत्तांतांत स्वारांचा आंकडा ६०७ आला. प्रत्यक्षांत ते सुमारें ६७० होते. वृत्तांत वाचून टेनिसननें महिन्याच्या आंत कविता छापली व तींत सहाशेंचा आंकडा कायम झाला. पुढें खरा आंकडा कळल्यावरहि वृत्ताच्या सोयीसाठीं कवीनें तो बदलला नाहीं. मीं स्वतः तीसएक वर्षें ती कविता वर्गांत शिकविली आणि प्रत्येक वर्षीं मुलांनीं 'किती स्वार होते ?' या प्रश्नाला सहाशें असेंच उत्तर लिहिलें, त्याला पूर्ण गुणहि मिळाले. हायलँडर पलटणीच्या तांबड्या रांगेची जी प्रसिद्ध उपमा, तीहि पहिल्या पत्रांत निराळ्या शब्दांत होती व ग्रंथरूपांत रसेलनेंच ती घासूनपुसून घेतली. यास्तव रसेलचा आधार घेणाऱ्यानें कोणती आवृत्ति समोर आहे हें पाहिलें पाहिजे : टाईम्समधील मूळ पत्र, १८५५–५६ चा ग्रंथ, कीं नंतरची सुधारलेली प्रत. पाठभेदाचा हा नियम आपण पोथ्यांना लावतों, मग वर्तमानपत्रांना कां लावूं नये ? आणि त्या हल्ल्याचा नायक लॉर्ड कार्डिगन जानेवारी १८५५ मध्यें लंडनास परतला तेव्हां लोकांनीं त्याला डोक्यावर घेतलें. त्याच आठवड्यांत त्याचे उरलेले स्वार व घोडीं डोंगरावर थंडीनें मरत होते. छापील कीर्ति आणि रणांगण यांत किती अंतर पडूं शकतें हें येथें दिसतें.

आतां तारायंत्राकडे वळूं. एप्रिल १८५५ मध्यें व्हार्ना ते बालाक्लाव्हा अशी समुद्रांतून तार घातली गेली, आणि पॅरिस व लंडन एकदम सेनापतीच्या तंबूंत येऊन बसलीं. पत्र वीस दिवसांनीं येई, तार कांहीं तासांत. याचा पहिला परिणाम एका महिन्याच्या आंत दिसला. ३ मे रोजीं इंग्रज व फ्रेंच फौजेचा एक भाग केर्चच्या सामुद्रधुनीकडे निघाला. अझोव समुद्रांतून रशियनांस जी रसद येई ती तोडावयाची, हा हेतु. बेत उत्तम होता. आरमार निघून गेलें आणि त्याच रात्रीं नेपोलियन तिसरा याची तार फ्रेंच सेनापति कॅनरोबेर यास मिळाली : सर्व फौज एकत्र करा. बादशहाच्या मनांत वेढा सोडून आंतल्या प्रदेशांत मोहीम करावयाची होती, आणि तिचें नेतृत्व स्वतः करण्याचीहि हौस होती. क्रिमियाचा चिखल त्यानें पाहिलेला नव्हता. कॅनरोबेरनें फ्रेंच तुकडी परत बोलाविली. मग इंग्रजहि परतले. जे सैनिक उतरावयास सिद्ध होते ते शत्रूचें तोंडहि न पाहतां माघारीं आले. कॅनरोबेरनें अधिकार सोडला. त्याच्या जागीं आलेल्या पेलिसियेनें बादशहाच्या तारा बाजूला ठेवल्या व तीच मोहीम पुन्हां काढली. २४ मे रोजीं केर्च जवळजवळ रक्तपात न होतां पडलें. त्याच फौजेनें, त्याच जागीं, तीन आठवड्यांनंतर जें केलें, तें आधीं एका तारेनें अडविलें होतें. टाईम्सच्या सगळ्या पत्रांत मिळून सैन्याच्या हालचालीवर इतका प्रत्यक्ष व मोजतां येण्याजोगा परिणाम केल्याचें एकहि उदाहरण आम्हांस दाखवितां येत नाहीं.

तथापि तारेची अवज्ञा करणारा तेवढा शहाणा असेंहि होत नाहीं. याच पेलिसियेनें १८ जून रोजीं, वॉटर्लूच्या चाळिसाव्या वर्षदिनीं, दोन जुन्या शत्रूंनीं मिळून विजय मिळवावा या शोभेच्या विचारानें हल्ला ठरविला, आणि पहांटेचा तोफखाना चालवावयाचा तो ऐन वेळीं रद्द केला. फ्रेंचांचीं सुमारें ३,५०० व इंग्रजांचीं सुमारें १,५०० माणसें पडलीं. दहा दिवसांनीं रॅग्लन वारला. हा दिवस वर्तमानपत्रानें निवडला नव्हता, तारेनेंहि नव्हता. पंचांगानें निवडला होता.

इंग्रजांच्या बाजूची तार अधिक हास्यास्पद होती. युद्धमंत्री पॅन्म्यूर यानें नव्या सेनापतीस नेमणुकीच्या तारेंतच आपल्या डाउबिगिन नांवाच्या आप्ताची शिफारस केली, व ती 'डाउबकडे लक्ष द्या' अशा तुटक रूपांत पोंचली, ही कथा इंग्लंडांत म्हणीसारखी झाली.

आपल्या इतिहासांत या गोष्टीचें जवळचें साम्य वडगांवच्या प्रसंगांत आढळतें. १७७८ च्या अखेरीस मुंबईकरांची फौज राघोबादादांस घेऊन घाट चढली तेव्हां सेनापतीच्या डोक्यावर कार्नाक, एगर्टन व मॉस्टिन अशी त्रिमूर्ति मुंबईच्या कौन्सिलानें बसविली होती. मॉस्टिन आजारी पडून परतला व मेला, एगर्टनहि आजारी, कार्नाक सेनापति नव्हे पण निर्णय त्याचा. फौज रोज मैल दोन मैल सरके. मराठ्यांनीं चारा जाळला, लोकवस्ती उठविली. जानेवारी १७७९ मध्यें तळेगांवाहून माघार व वडगांवचा तह. तेथें तार नव्हती, म्हणून राजकारण तीन माणसांच्या रूपानें पालखींतून बरोबर नेलें होतें, एवढाच भेद. उलट पानिपतावर भाऊसाहेबांचा दक्षिणेशीं संबंध तुटल्यावर त्यांना कोणाचा अंकुश राहिला नाहीं, आणि कोणाची बातमीहि राहिली नाहीं. सेनापतीस मोकळीक हवी म्हणणाऱ्यांनीं हेंहि उदाहरण लक्षांत घ्यावें.

आपल्याकडील अखबार व इंग्रजांचें वर्तमानपत्र यांची तुलना अनेकांनीं केली आहे. ती आम्हांस वरवरची वाटते. अखबारनवीस आपल्या धन्यास लिही. त्याचें लिहिणें सैनिकाच्या हातीं पडत नसे, शत्रूच्या हातीं पडलें तर तो अपघात. महाभारतांतला संजयहि तसाच : त्याची दिव्य दृष्टि एका अंध राजासाठीं होती, आणि भीष्म पडल्यावर दहाव्या दिवशीं तो वृत्त सांगावयास येतो, म्हणजे तोहि शिळी बातमीच आणतो. शल्यपर्वांत सात्यकि त्याला पकडून ठार करूं पाहतो व व्यास सोडवितात. बातमीदारास छावणींत जी वागणूक मिळते तिचा हा जुना दाखला. रसेलची स्थिति निराळी होती. त्याचा धनी एक नव्हता. तो ज्यांच्याविषयीं लिहीत होता तेच सैनिक तीन-चार आठवड्यांनंतर तो अंक खंदकांत बसून वाचीत. आपली उपासमार घरीं कळली आहे हें त्यांना कळे. यानें धीर खचला असें किंग्लेकच्या पक्षाचें म्हणणें. पण खंदकांतल्या माणसाची उपासमार वाचून वाढत नाहीं ; वर्गणीच्या निधींतून आलेले गरम कपडे मात्र त्याच्या अंगावर पडले, आणि फेब्रुवारी १८५५ पासून बंदरापासून छावणीकडे जो लोहमार्ग बांधला गेला त्यावरून रसद वर गेली. हा लोहमार्ग लष्करानें नव्हे, खाजगी कंत्राटदारांनीं बांधला.

शेवटीं अजीमुल्ला. बाजीराव साहेबांच्या मृत्यूनंतर (१८५१) बंद झालेलें आठ लाखांचें पेन्शन मिळविण्यासाठीं नानासाहेबांनीं त्याला विलायतेस धाडलें. तें काम फसलें. परतीच्या वाटेवर, १८ जूनच्या पराभवानंतर, तो कॉन्स्टँटिनोपलहून क्रिमियांत गेला. इंग्रज-फ्रेंचांस एकत्र मार देणारे रशियन रुस्तुम त्याला पाहावयाचे होते. रसेलनें त्याला आसरा दिला. हा वृत्तांत आमचे लेखक १८५५ सालची नोंद म्हणून देतात. ती १८५५ ची नोंद नव्हे. तो मजकूर रसेलच्या हिंदुस्थानांतील रोजनिशींत आहे, आणि ती १८६० मध्यें प्रसिद्ध झाली. मध्यें कानपूर होऊन गेलें होतें. बिबीघरानंतर अजीमुल्लाचें प्रत्येक स्मित कपटी दिसणारच. भेट झाली हें निःसंशय. १८ जूनच्या पराभवानें त्याचें मन वेधलें हेंहि संभवनीय. परंतु टाईम्स वाचून वा वेढा पाहून इंग्रज दुबळे आहेत असा निष्कर्ष त्यानें तेथेंच काढला, व बिठूरास तो घेऊन आला, ही सांखळी या पश्चात्लिखित पानावर टांगतां येत नाहीं. पराभव त्यानें पाहिला, तर ८ सप्टेंबर रोजीं मालाकोफ पडून दुसऱ्या दिवशीं रशियनांनीं शहराचा दक्षिण भाग सोडला ही बातमीहि त्याला वाटेंत वा घरीं कळलीच असणार.

रसेल १८५८ च्या आरंभीं हिंदुस्थानांत आला तेव्हां सरसेनापति होता सर कॉलिन कॅम्बेल, बालाक्लाव्हा येथें त्या तांबड्या रांगेचा जो नायक तोच. त्यानें रसेलशीं एक करार केला : सारें कांहीं तुम्हांस सांगेन, विलायतेच्या पत्रांत लिहा, पण येथें छावणींत एक अक्षर बोलूं नका. पत्र लंडनास जाऊन छापून परत येईपर्यंत लखनौची मोहीम संपून जाईल, हा हिशेब त्याला पक्का ठाऊक होता.